आंबा आपला, पत्ता कुणाचा? देवगडच्या एका बागायतदार कुटुंबाचं प्रकरण

२०२४ च्या मार्चचा तिसरा आठवडा. देवगड तालुक्यातल्या एका बागेत पहिली तोड चालली होती. झेल्यातून (काठीला लावलेल्या जाळीतून) उतरलेली फळं काका देठ बघून वेगळी करत होते, तेवढ्यात दादरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "तुमच्या पेटीवर छापलेला पत्ता मोबाइलवर टाकला, तर तुमचं पान येतच नाही. गूगलचंच काहीतरी उघडतं आणि त्यावरचा नंबर लागत नाही. बाग विकलीत की काय?"

त्या संध्याकाळी काकांच्या सूनबाईंनी मला फोन केला. मी कणकवलीत राहतो आणि आसपासच्या छोट्या व्यावसायिकांना मोबाइल-संगणकावरचं कामकाज शिकवतो. या घराशी माझी आधीपासून ओळख होती, पण त्यांच्या विक्रीचा कारभार आतून कधी पाहिला नव्हता. पुढचं दीड वर्ष तो पाहिला. ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे, कारण जवळपास असाच प्रकार मी त्यानंतर खानावळींत, घरगुती मसाल्यांच्या धंद्यात आणि होमस्टेंमध्येही पाहिला. कुटुंबाची परवानगी आहे. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

पान गेलं कुठे?

आधी घराची स्थिती. सव्वातीनशे कलमं, बहुतेक सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. सातबाऱ्यावर काका आणि मुंबईतले त्यांचे धाकटे भाऊ अशी दोघांची नावं. कष्ट काकांचे, काकूंचे, मुलगा-सुनेचे आणि हंगामात राखणीला येणाऱ्या गड्यांचे. माल वर्षानुवर्षं वाशीच्या बाजारात दलालाकडे जायचा. गणपतीच्या सुमारास त्याच्याकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल घ्यायची, मार्च ते मे पेट्या पाठवायच्या आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी येईल ती बघायची. लहान आणि डागी फळ कॅनिंगला.

थेट विक्रीची सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. त्या एप्रिलमध्ये बाजाराचं काहीच खरं नव्हतं, झाडावर फळ तयार होतं आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्या घरपोच आंबा मागत होत्या. काकांच्या मुलाने टेम्पो भरून दोन फेऱ्या केल्या. त्यातून शे-दीडशे गिऱ्हाइकं जोडली गेली ती टिकली.

पान त्याच्याही आधीचं, २०१८ चं. तालुक्यातल्या एका हुशार मुलाने ते अर्ध्या तासात फुकट करून दिलं होतं. तेव्हा गूगल माय बिझनेस नावाने चालणाऱ्या सेवेत (२०२१ च्या अखेरीस तिचं नाव गूगल बिझनेस प्रोफाइल झालं) व्यवसायाची नोंद केली की एक साधं संकेतस्थळही आपोआप तयार होत असे. त्याचा पत्ता 'बिझनेस डॉट साइट' असा संपायचा. ही सोय २०१७ साली आली आणि आपल्याकडे छोट्या दुकानदारांनी ती हौसेने घेतली. त्याआधी नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने होस्टगेटरबरोबर अशीच एक मोहीम काढली होती, तिच्यात डॉट इन पत्ता आणि जागा एक वर्ष फुकट मिळायची. एक फरक मात्र होता. २०११ च्या मोहिमेतला पत्ता तुमचा स्वतःचा असायचा, वर्षानंतर पैसे भरून पुढे चालवता यायचा. २०१७ नंतरचा फुकट पत्ता गूगलच्या अंगणात होता.

मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सगळी पानं बंद केली. १० जूनपर्यंत जुना पत्ता टाकणाऱ्याला व्यवसायाच्या गूगल प्रोफाइलकडे वळवलं जाणार होतं, त्यानंतर काहीच उघडणार नव्हतं. मार्च ते १० जून, म्हणजे बरोबर आंब्याचा हंगाम. अमेरिकेत बसून तारखा ठरवणाऱ्याला देवगडच्या तोडीचं वेळापत्रक माहीत असायचं कारण नाही, पण भोगणं इथल्यांच्या वाट्याला आलं.

गूगलने आधी ईमेलवर कळवलं होतं. ते ईमेल गेलं कुणाकडे? ज्या मुलाने पान केलं त्याच्या जुन्या खात्यावर. तो तोवर नोकरीसाठी परदेशी गेला होता आणि ते खातं उघडतही नव्हता. त्याचा यात काहीही दोष नाही, त्याने शेजारधर्म म्हणून काम करून दिलं होतं. पण प्रोफाइलचा मूळ मालक कागदोपत्री तोच राहिला. प्रोफाइलवर घरचा लँडलाइन नंबर होता. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ती तार तुटली ती कायमचीच. म्हणजे वळवलेलं गिऱ्हाईकही बंद फोनवर जाऊन आपटत होतं. ज्यांच्याकडे काकांचा मोबाइल नंबर होता त्यांनी फोन केला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांचं काय झालं, हे कळायला मार्गच नाही.

आणि पडवीत बाराशे पुठ्ठ्याच्या पेट्या रचून ठेवलेल्या, प्रत्येकीवर तो मेलेला पत्ता छापलेला.

काका त्या पेट्यांकडे बघत म्हणाले, "पेटी माझी, आंबो माझो, आनि पत्तो मात्र दुसऱ्याचो?"

माझ्या मते सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे.

आधी मोजदाद

माझ्या हातून इथे एक चूक झाली, ती आधी सांगतो. फोन आल्यावर मी दोन दिवसांत नवीन संकेतस्थळाचा आराखडा घेऊन गेलो. ऑनलाइन खरेदीची टोपली, पेमेंट, ऑर्डरचा तक्ता, सगळं. सूनबाईंनी तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "हे कोण सांभाळणार? आणि जुन्याचं जे झालं ते याचं होणार नाही कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आराखडा बाजूला ठेवला आणि आम्ही हंगाम कसातरी पार पाडायचं ठरवलं. पेट्यांवर जुन्या पत्त्यावर चिकटवायला मोबाइल नंबरचे स्टिकर छापून घेतले. स्टिकर लावायचं काम काकूंनी आणि शाळेतल्या दोन नातवंडांनी केलं.

खरं काम जूनमध्ये, पाऊस लागल्यावर सुरू झालं. पहिले दोन आठवडे आम्ही एकही नवीन गोष्ट केली नाही. फक्त मोजदाद केली: या व्यवसायाचं इंटरनेटवर काय काय आहे, ते कुणाच्या खात्यात आहे, पासवर्ड कुणाला ठाऊक आहे आणि तो माणूस उद्या नसेल तर काय.

एका वहीत आडव्या रेघा मारून लिहिलं तेव्हा चित्र असं निघालं. गूगल प्रोफाइल परदेशातल्या मुलाच्या खात्यात. फेसबुकचं पान काकांच्या भाच्याच्या नावावर, शेवटची पोस्ट २०१९ ची. व्हॉट्सॲप काकांच्या मुलाच्या खाजगी नंबरवर, त्यात आंब्याची गिऱ्हाइकं, शाळेतले मित्र आणि गावकी सगळं एकत्र. यूपीआयचा क्यूआर काकूंच्या बचत खात्याचा. गिऱ्हाइकांचे नंबर तीन फोनमध्ये विखुरलेले, एकाचाही बॅकअप नाही. 'अंधेरी आंबा', 'आंबा पुणे काकू', 'दोन पेटी साहेब' अशी नावं. बागेचे फोटो एका जुन्या फोनमध्ये, ज्याची बॅटरी फुगलेली.

याला काय म्हणायचं? काकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं: जमीन कसताय तुम्ही, पण सातबाऱ्यावर दुसऱ्याचंच नाव. इतर हक्कांत तरी तुमचं नाव लागलंय का, तेही बघितलेलं नाही. ते एकदम सरसावून बसले. कोकणातल्या माणसाला डोमेन, होस्टिंग, ॲडमिन हे शब्द समजावायला मला एरवी तासभर लागतो. सातबारा म्हटल्यावर पाच मिनिटं लागली. डोमेन म्हणजे जमीन, ती वर्षाच्या भाड्याने पण तुमच्याच नावावर मिळते. होस्टिंग म्हणजे तिच्यावरचं घर, ते पाडून दुसरीकडे बांधता येतं. फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगल प्रोफाइल म्हणजे बाजारातली बसायची जागा. तिथे गर्दी असते म्हणून बसायचंच, पण बाजार उठवणारा दुसरा आहे हे विसरायचं नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा गावोगावच्या किती जणांचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला, ते सूनबाईंना लगेच आठवलं. त्यांच्याच माहेरच्या एका मैत्रिणीचा पाककृतींचा धंदा त्यावर उभा होता.

पावसाळ्यातली शाळा

दर बुधवारी दुपारी मी जात असे. वीज असली तर लॅपटॉप, नसली तर मोबाइल. शिकणारी तीन माणसं: सूनबाई, त्यांचे यजमान आणि काकू. काका माजघरातून ऐकायचे.

पहिलं काम व्यवसायाचं स्वतंत्र ईमेल खातं. दोन टप्प्यांची पडताळणी लावली, परत मिळवण्यासाठी दोन वेगळे नंबर दिले, एक सूनबाईंचा आणि एक मुंबईच्या भावाचा. आणीबाणीसाठी मिळणारे कोड कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवले. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण मी ते तीन बुधवार करून घेतलं. एकदा मी, एकदा त्यांनी माझ्यासमोर आणि एकदा त्यांनी एकट्याने, फोन मुद्दाम रिकामा करून. तिसऱ्या वेळी काकूंनी ते केलं. शिकवणाऱ्याने फोन हातात घेऊन 'झालं बघा' म्हणणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा दोष आहे. २०१८ साली नेमकं तेच झालं होतं.

मग गूगल प्रोफाइल. मालकीची विनंती पाठवली, परदेशातल्या मुलाला व्हॉट्सॲपवर कळवलं, त्याने आनंदाने जुनं खातं उघडून मंजुरी दिली. नव्या मालकाला पूर्ण हक्क मिळायला सात दिवस थांबावं लागतं, तेवढे थांबलो. तो मुलगा भेटला नसता तर पडताळणीची सगळी वाट चालावी लागली असती, म्हणून ज्याने तुमचं पान केलं त्याचा फोन नंबर हरवू देऊ नका. नकाशावरची खूण देवगड बाजारपेठेत होती, ती बागेच्या फाटकावर आणली. बंद लँडलाइन काढला. हंगामाचे महिने आणि वेळा लिहिल्या.

डोमेनच्या नावावर मात्र दोन आठवडे गेले. मुलाला आडनाव हवं होतं. काका म्हणाले, त्या आडनावाची वाडीत चाळीस घरं आहेत. शेवटी बागेचं पूर्वापार चालत आलेलं नाव घेतलं, डॉट इन. वर्षाचे पैसे हजाराच्या आत. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलायचं नसतं, नूतनीकरणाचा दर बघायचा, हे आम्ही चार ठिकाणचे आकडे वहीत लिहून शिकलो. देवनागरीतला डॉट भारत पत्ताही घ्यावा असं मला मनापासून वाटत होतं. तो २०१४ पासून मिळतो आणि मराठी धंद्याला मराठी पत्ता असावा यात गैर काय? पण गिऱ्हाइकांपैकी निम्मी मराठी टंकत नाहीत, आणि एकाच वर्षी दोन पत्ते सांभाळायला लावणं बरं नव्हे. पुढच्या खेपेला ठेवला.

नोंदणी कुणाच्या नावावर? मुंबईच्या भावाने फोनवर विचारलं. काकांनीच त्यांची बाजू घेतली: "सातबाऱ्यार दोघांची नावां आसत, मग हेच्यार एकट्याचा कित्याक?" डोमेनच्या नोंदणीत एकच नाव बसतं. ते काकांचं घातलं, आणि साध्या कागदावर लिहून ठेवलं की हे नाव दोघा भावांच्या सामाईक बागेचं आहे, कुणी एकट्याने विकू नये. त्या कागदाला कायद्यात किती किंमत आहे, या प्रश्नात आम्ही शिरलो नाही. दोघांनी सह्या केल्या, तेवढ्याने घरातला प्रश्न मिटला.

पानावर लिहायचं काय

मला या कामात सगळ्यात रस इथे होता. इतर आंबा विक्रेत्यांची पानं उघडली की तोच मजकूर दिसतो: 'फळांचा राजा', 'अस्सल चव', 'निसर्गाच्या कुशीत'. सूनबाईंनीही आधी तसंच काहीसं उतरवून आणलं होतं. ते बाजूला ठेवून आम्ही मागच्या चार हंगामांचे व्हॉट्सॲपवरचे संवाद वर सरकवत गेलो आणि गिऱ्हाइकांनी खरोखर विचारलेले प्रश्न वहीत लिहिले. तेच तेच प्रश्न निघाले. एका डझनाचं वजन किती? कच्चा पाठवता की पिकलेला? किती दिवसांत पिकेल? फ्रिजमध्ये ठेवू का? पावडर लावता का? वरून चांगला, आतून पांढरा का निघाला? भाव गेल्या आठवड्यापेक्षा कमी कसा?

हे प्रश्न काकांना विचारले. त्यांना लिहायचा कंटाळा, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. सूनबाईंनी त्यांची उत्तरं फोनवर ध्वनिमुद्रित केली आणि मग कीबोर्डचा माइक दाबून स्वतःच्या प्रमाण मराठीत बोलून उतरवली. चौदा आणे तयार फळच का काढायचं, देठाचा चीक फळावर का पडू द्यायचा नाही, पेंढ्याच्या अढीत फळ कसं लावायचं आणि गिऱ्हाइकाने घरी आल्यावर पेटी उघडून हवा का लागू द्यायची. पावडरच्या प्रश्नाला सरळ उत्तर: कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच मनाई आहे, आम्ही अढीत पिकवतो, म्हणून वेळ लागतो, घाई असेल तर आमच्याकडून घेऊ नका. हे शेवटचं वाक्य काकांचं. मुलगा ते काढायला निघाला होता, मी हात जोडून ठेवायला लावलं.

भौगोलिक मानांकनाबद्दलही नेमकं लिहिलं. हापूसला २०१८ साली मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण ते नाव अधिकृतपणे वापरायला बागायतदाराला स्वतःची नोंदणी लागते. काकांची ती नव्हती, म्हणून पानावर मानांकनाचं चिन्ह टाकलं नाही. त्या पावसाळ्यात अर्ज केला. अनेक जण नोंदणी नसताना चिन्ह लावतात, मला ते मान्य नाही. ज्या नावाची नक्कल होते म्हणून आपण ओरडतो, त्याचे नियम आपणच आधी पाळायला हवेत.

पान एकच, मराठी वर, इंग्रजी खाली. फोटो घरचे: मोहोर, तोड, अढी, काकूंचे हात. फोनवरून आलेला एकेक फोटो तीन-चार एमबीचा, तो दोनशे केबीच्या आत आणायला शिकलो, कारण हे पान देवगडच्या सड्यावरही उघडलं पाहिजे. इंग्रजी भागात हापूसची निरनिराळी स्पेलिंगं, गुजराती घरांतलं 'हाफुस' आणि परदेशातल्यांचं 'अल्फान्सो' असे सगळे शब्द वाक्यांत सहज येतील असे बसवले. दर लिहिला नाही. आंब्याचा दर रोज बदलतो. ऑनलाइन पेमेंटचं बटणही नाही. व्हॉट्सॲपवर नेणारी एक कळ, बस.

'देवगड हापूस' शोधलं की आपलं पान पहिलं यावं, असा हट्ट मुलाने धरला होता. मी तो सोडायला लावला. मोठे विक्रेते त्या शब्दांसाठी जाहिरातींवर पैसे ओततात. चारेकशे घरांना माल देणाऱ्या बागेला त्या शर्यतीत उतरायचं कारणच नाही. ज्याने आपला आंबा खाल्ला, किंवा खाल्लेल्याकडून आपलं नाव ऐकलं, त्याने ते नाव टाकल्यावर आपण सापडलो पाहिजे आणि फोन उचलला गेला पाहिजे. छोट्या धंद्याची वेबवरची उपस्थिती एवढ्यानेच नव्वद टक्के पुरी होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२५ चा हंगाम

व्हॉट्सॲप बिझनेस नव्या सिमवर सुरू झालं. विखुरलेले नंबर एकत्र केले, दुबार काढले, चारशे बारा उरले. प्रत्येकाचं खरं नाव, शहर, मागच्या वर्षी किती घेतलं. एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबर बसतात आणि ज्याने आपला नंबर साठवून ठेवलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून नव्या पेट्यांवर पत्त्याखाली छापलं: 'हा नंबर बागेच्या नावाने सेव्ह करा, पुढच्या हंगामाची खबर मिळेल.' ऑर्डरला रंगीत लेबलं: अढीत, रवाना, पोचलं, पैसे बाकी. काकूंना ही लेबलं फार आवडली. त्या पूर्वी हेच काम पेटीवर खडूच्या खुणा करून करत होत्या.

फेब्रुवारीत आगाऊ नोंदणी घेतली आणि तिथे ठेच लागली. पहिला मोहोर चांगला होता, त्याच्या भरवशावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या पेट्यांचे पैसे घेतले. मग फुलकिडे आले, बरीच कणी (नुकतं धरलेलं बारीक फळ) गळली. चाळीसेक घरांना तारीख पुढे ढकलल्याचं कळवावं लागलं. पान, प्रोफाइल, व्हॉट्सॲप सगळं जागच्या जागी होतं, तरी झाडाने साथ दिली नाही तर उपाय नाही. ही गोष्ट नोंदणीच्या पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती. सूनबाईंनी करपलेल्या मोहोराचा फोटो टाकून खरं काय ते लिहिलं आणि पैसे परत हवे असतील तर दोन दिवसांत देऊ म्हटलं. सहा जणांनी मागितले, दिले. बाकीचे थांबले. नियम बदलला: आता पैसे अढीत फळ लागल्यावरच.

मे महिन्यात गूगलवर एका ताऱ्याचा अभिप्राय आला. ठाण्याच्या गिऱ्हाइकाला डझनात तीन फळं साक्याची, म्हणजे आतून पांढरट निघाली. साका बाहेरून दिसत नाही, हे बागायतदाराला माहीत, खाणाऱ्याला माहीत नसतं. त्याला ती फसवणूकच वाटते. मुलगा चिडून उत्तर लिहायला बसला. काकूंनी फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर गेलं: साका म्हणजे काय, तो का होतो, फळ कापल्याशिवाय का कळत नाही, आणि तीन फळांचे पैसे आज परत केले आहेत. त्या माणसाने तारे वाढवले नाहीत. पण त्यानंतर आलेल्या दोन नव्या गिऱ्हाइकांनी आपणहून सांगितलं की ते उत्तर वाचून फोन केला. काकांना चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात डझनभर आंबे द्यायचे होते. तसं करणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि काकांच्या आंब्याला त्याची गरजही नाही.

त्याच महिन्यात एक फोन आला. आवाज रुबाबदार, 'लष्करातला अधिकारी', युनिटसाठी वीस पेट्या. आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून त्याने क्यूआर पाठवला, 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील'. फोन काकूंच्या हातात होता. भिंतीवर पावसाळ्यात चिकटवलेला कागद होता: 'पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला तर फोन ठेवा. १९३०.' (१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर.) त्यांनी फोन ठेवला. तेवढ्या एका दुपारसाठीही सगळे बुधवार वसूल झाले असं मला वाटतं.

त्याच हंगामात देवगड तालुक्यातल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर वेगळा क्रमांक असलेला स्टिकर आणला. दुसऱ्या भागातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो त्याला आळा बसावा हा हेतू. पानावर त्याचीही माहिती दिली, स्टिकर कसा तपासायचा यासह.

हिशेब थोडक्यात. आधी मालाचा साधारण पाचवा हिस्सा थेट जायचा, २०२५ मध्ये तिसरा हिस्सा गेला. पीक कमी असल्यामुळे एकूण रक्कम फारशी वाढली नाही, हेही सांगायला हवं. वाशीचा दलाल सुटलेला नाही. उचल निम्म्यावर आली आहे. नांदगाव तिठ्यावरून ट्रॅव्हल्सने पाठवलेल्या पेट्यांपैकी चौदा दबलेल्या पोचल्या, त्याची भरपाई घरून गेली. पान आणि पत्ता यांचा वर्षाचा खर्च बाराशे पेट्या पुन्हा छापायच्या खर्चाच्या जवळपासही येत नाही.

ओट्यावरचे चार फोन

२०२५ च्या गणपतीत मुंबईचे भाऊ आले, चुलत्यांची दोन घरंही जमली. एका चुलत भावाने विचारलं, "आमचो आंबोय तुमच्याच पानार घालूया मा?" त्याचं फळ चांगलं आहे. पण पानावर लिहिलंय, आमच्याच बागेतला. काका कितीतरी वेळ गप्प बसले. मग म्हणाले, घालणार नाही, पण तुझं पान तू कर, सून शिकवील.

दुसऱ्या दिवशी मागील दारच्या ओट्यावर चौघं फोन घेऊन बसली. सूनबाईंनी वही उघडली, आडव्या रेघा मारल्या आणि पहिला प्रश्न विचारला: तुमच्या फोनमधलं ईमेल खातं कुणी उघडलं, आणि पासवर्ड कुणाला माहीत आहे?

चौघांपैकी दोघांचं मोबाइल दुकानदाराने उघडलेलं होतं. तिसऱ्याचं मुलाने, तो पुण्याला. चौथ्या वहिनी फोन उलटसुलट करून म्हणाल्या, "ईमेल? तां आसा काय माझ्या फोनात?"

सूनबाईंनी वहीत त्यांच्या नावापुढे तारीख घातली आणि स्वतःचा फोन बाजूला ठेवून त्यांचा फोन त्यांच्याच हातात राहू दिला.